पावसाळ्यानंतर घराच्या भिंतींवरचं शेवाळ आणि बुरशी: ओळखायची कशी, काढायची कशी

दसऱ्याच्या सुमारास कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही घराला बाहेरून एक फेरी मारली, की चार महिन्यांच्या पावसाचा हिशेब भिंतींवर दिसतो. जोत्याला हिरवा पट्टा, छज्जाच्या कडेपासून खाली उतरलेले काळे ओघळ, उत्तरेच्या भिंतीवर काजळी धरल्यासारखा थर, आणि पायऱ्या अशा बुळबुळीत की पाय ठरत नाही. मुंबई-ठाण्यातल्या इमारतींची मागची बाजूही याहून वेगळी नसते. मग तारेचा ब्रश, ॲसिडची बाटली किंवा थेट रंगाचा डबा, यांपैकी काहीतरी हातात घेतलं जातं. तिन्हींनी दिवाळीपुरती भिंत साजरी दिसते आणि पुढच्या श्रावणात डाग आधीपेक्षा जोमाने वर येतात.

काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. डाग कशाचा आहे ते ओळखायचं, तो जागेवरच मारायचा, मेल्यावर काढायचा आणि मग तिथे पाणी कुठून येतंय ते बघायचं. नवखा माणूस खरवडण्यापासून सुरुवात करतो. जिवंत शेवाळाचे बारीक तुकडे त्यामुळे ओल्या भिंतीभर पसरतात आणि एका डागाचे दहा होतात.

डाग कशाचा?

एक खूण बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. शेवाळाला उजेड आणि पाणी दोन्ही लागतं, बुरशीला उजेडाची गरज नसते. म्हणून जिथे पावसाची झड थेट बसते किंवा पाणी ओघळतं तिथला डाग बहुधा शेवाळाचा असतो. जिथे पाऊस पोचत नाही पण हवा दमट आणि कोंडलेली असते, म्हणजे छज्जाची खालची बाजू, पडवीचं छत, दाराची मागची बाजू, चपलांच्या मांडणीमागची भिंत, तिथले काळे ठिपके बुरशीचे.

हिरवं शेवाळ सगळ्यांनाच ओळखू येतं. घोटाळा होतो काळ्याचा. उन्हाळ्यात प्लास्टरवर धुरकट काळा थर दिसतो, हाताला कोरडा लागतो, आणि लोक त्याला धूळ किंवा गाड्यांचा धूर समजतात. त्यावर एक तांब्या पाणी मारा आणि पंधरा मिनिटं थांबा. थर नुसताच ओला दिसला तर मळ. तो फुगून गडद हिरवट झाला, बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागला आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला, तर ते शेवाळ आहे. कडक उन्हात ते मरत नाही, सुकून पडून राहतं आणि जूनमध्ये पाणी मिळताच पुन्हा वाढायला लागतं.

भिंतीवर, नारळाच्या खोडावर, चिऱ्याच्या गडग्यावर केशरी-तांबूस मखमली थर दिसतो तोही शेवाळच. ट्रेंटेपोहलिया नावाचं हे शेवाळ मुळात हिरव्या शेवाळांच्याच कुळातलं, पण गाजरात असतं तशा केशरी रंगद्रव्याने त्याचा हिरवा रंग झाकला जातो. जांभ्याच्या घरांवर ते दगडाच्या रंगात मिसळून जातं, म्हणून कित्येक वर्षं लक्षातच येत नाही. नखाने खरवडलं की पिवळट-केशरी भुकटी निघते. लोखंडाचा गंज वेगळा दिसतो: तो खिडकीच्या गजाखाली किंवा खिळ्याखाली ओघळासारखा उतरतो. स्लॅबच्या कडेला तडा असेल आणि त्यातून तांबडा ओघळ येत असेल, तर ते काम सफाईचं नाही. आतली सळई गंजते आहे, जाणकार गवंड्याला किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

दगडफूल, म्हणजे गोडा मसाल्यात पडतं त्याचेच भाऊबंद, राखाडी किंवा फिकट हिरव्या गोल चकत्यांसारखं दगडाला घट्ट चिकटून वाढतं. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार असतो. ते काढायला वेळ लागतो, पुढे येईलच. उशीसारखी फुगीर, बारीक पानांची वाढ म्हणजे मॉस. आपल्याकडे त्यालाही शेवाळच म्हणतात, पण ते सांध्यांत आणि कौलांच्या खाचांत धरतं आणि स्पंजसारखं पाणी साठवतं.

आंब्याच्या झाडाखालच्या भिंतीवर आणि कौलांवर काळा चिकट थर आला असेल, तर झाडाची पानं बघा. मोहराच्या दिवसांत तुडतुडे गोड चिकट द्रव सोडतात आणि त्यावर काजळी बुरशी वाढते. बागायतदार याला खार पडणं म्हणतात. पानं काळी असतील तर भिंतीवरचा थरही तोच. हा साबणाच्या कोमट पाण्याने निघतो, कुठलंच औषध लागत नाही.

आणि पांढरं दिसलं म्हणून ती बुरशी असं धरू नका. जोत्याजवळ पांढरी, पिठासारखी किंवा कापसासारखी भुकटी फुटलेली असते, तिला लोणा म्हणतात. विटेतले, सिमेंटमधले किंवा जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा: लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच राहते. लोण्याला पाण्याने धुणं म्हणजे क्षार परत भिंतीत ढकलणं. कोरड्या ब्रशने झाडून काढायचा आणि ओल कुठून चढते ते शोधायचं.

तरीही शंका राहिली, तर कापसाच्या बोळ्याने डागावर पातळ ब्लीच, म्हणजे पुढे येतं ते क्लोरीनचं द्रावण, लावा. दोन-तीन मिनिटांत डाग फिका पडला तर तो सजीव वाढीचा. जसाच्या तसा राहिला तर मळ, गंज किंवा डांबर.

पाण्याचा माग

रसायन आणायला बाजारात जाण्याआधी अर्धा तास यात घालवा. डागाची वरची टोकं बघत जा. ओघळ जिथे सुरू होतो त्याच्या वर पाण्याचं कारण असतंच.

छज्जाच्या खालच्या बाजूला कडेलगत, कडेला समांतर अशी बोटभर रुंदीची खाच नसेल, तर पाणी कडेवरून थेंबाथेंबाने खाली न पडता छज्जाच्या पोटाखालून भिंतीपर्यंत सरकतं. गच्चीतून पाणी सोडणारी नळी भिंतीच्या बाहेर जेमतेम दोन इंच आली असेल, तर वारा ते पाणी परत भिंतीवरच मारतो. टाकीचा ओव्हरफ्लो, एसीची ठिबकणारी नळी, न्हाणीघराचा गळका पाईप ही नेहमीची ठिकाणं. कौलारू घरात जोत्याचा हिरवा पट्टा बहुतेक वेळा पागोळ्यांमुळे असतो. पागोळीचं पाणी अंगणाच्या कोब्यावर आपटून दीड-दोन फूट उंच उडतं आणि चार महिने तोच पट्टा भिजत राहतो. तो पट्टा कितीही धुतला तरी परत येणार. पागोळीखाली कोबा फोडून दीड फूट रुंदीची खडीची पट्टी केली, की शिंतोडे थांबतात. पन्हळ लावली तर आणखी बरं.

पावसाची झड आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येते, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात. पण उत्तरेची भिंत वाळत नाही, हे दुखणं त्याहून चिवट. रत्नागिरीच्या आसपास ऑगस्टच्या सुरुवातीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. म्हणजे पावसात भिजलेल्या उत्तरेच्या भिंतीला वाळायला लागणारं ऊन नेमक्या हव्या त्या महिन्यांत मिळत नाही. तिच्यालगत केळी, कर्दळ किंवा रचलेली लाकडं असतील तर निदान दोन फूट लांब न्या. वारा लागला तरी पुष्कळ फरक पडतो.

कधी करायचं

मुख्य सफाई पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा शेवाळ जिवंत आणि मऊ असतं, औषध त्याच्या आत शिरतं, आणि पुढचे कोरडे महिने भिंत वाळायला मिळतात. एप्रिल-मेमध्ये थर सुकून कडक झालेला असतो. तेव्हाच करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी भिंत हलकी भिजवून ठेवा, म्हणजे वाढ मऊ पडेल.

भर पावसात भिंतींच्या मागे लागू नका. फक्त पायऱ्या आणि वाट तेवढी सांभाळा. गणपतीला घरात वर्दळ असते, म्हाताऱ्या माणसांची ये-जा असते. आठवडाभर आधी उघडीप बघून पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडरीचं द्रावण ओता, अर्ध्या तासाने खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुऊन टाका.

कोणतं औषध, किती

दोन औषधांवर सगळं काम भागतं, आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिलं क्लोरीनचं. दुकानात ते सोडियम हायपोक्लोराइट म्हणून कॅनमध्ये मिळतं, साधारण ४ ते ५ टक्क्यांचं. एक लिटर ५ टक्क्यांच्या द्रवात ४ लिटर पाणी घातलं की १ टक्क्याचं द्रावण होतं. हिरव्या शेवाळाला एवढं पुरतं. जाड काळ्या थराला २ लिटर द्रवात ३ लिटर पाणी, म्हणजे २ टक्के. कॅनवरची तारीख बघून घ्या. उन्हात आणि उष्णतेत हे द्रव उतरतं, काही महिन्यांत निम्म्यावर येऊ शकतं, आणि मग औषध चालत नाही अशी ओरड होते.

गावात ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही याच कामाची. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणून १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम घेतली की १ टक्क्याचं द्रावण मिळतं. प्लॅस्टिकच्या बादलीत ढवळून अर्धा तास निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणीच वापरा. तळाचा गाळ चुन्याचा असतो, तो पंपाचं नोझल बंद करतो आणि भिंतीवर पांढरे पट्टे सोडतो.

दुसरं बेंझाल्कोनियम क्लोराइड, बोलण्यात बीकेसी. कोळंबी-संवर्धनाचं किंवा कुक्कुटपालनाचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत ते ५० किंवा ८० टक्क्यांचं मिळतं. ५० टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्याला ४० मिली, ८० टक्क्यांचं असेल तर २५ मिली, म्हणजे जवळपास २ टक्के होतात. आधी पाणी घ्या, मग औषध सोडा, नाहीतर बादलीभर फेस होतो. साबण मिसळू नका, साबणाने याची ताकद जाते.

क्लोरीन डोळ्यांदेखत काम करतं. फवारल्यावर काही मिनिटांत हिरवा रंग पिवळट आणि मग पांढुरका होतो. पण ते पृष्ठभागावरच खर्ची पडतं, जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात खोल जात नाही. शिवाय मागे मीठ ठेवतं, आणि तेच मीठ पुढे लोणा होऊन फुटतं. बीकेसी सावकाश चालतं. हिरवा थर तपकिरी व्हायला तीन ते सात दिवस लागतात, काळ्याला काही आठवडे. ते धुवायचं नसतं, म्हणून दगडात मुरून राहतं. आमचं मत स्पष्ट आहे: प्लास्टर, फरशी, पेव्हर ब्लॉक यांना क्लोरीन, उघडा जांभा, कौलं, दगडफुलाचे डाग यांना बीकेसी.

ॲसिड कशालाच नको. संडास साफ करायचं ॲसिड फासलं की भिंत झटक्यात उजळते, कारण ॲसिड शेवाळाबरोबर प्लास्टरमधलं सिमेंटही खातं. वाळू उघडी पडते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या पावसात शेवाळाला धरायला आयती जागा मिळते. शहाबादी आणि कडाप्पा दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांवर ॲसिड सांडलं की फेस येतो तो दगड विरघळल्याचा. गेलेला तुकतुकीतपणा परत येत नाही.

आता जीवावर बेतणारी गोष्ट. क्लोरीनच्या द्रावणात ॲसिड, व्हिनेगर, अमोनिया किंवा दुसरं कुठलंही क्लीनर कधीही मिसळू नका, आणि एकाने धुतलेल्या भिंतीवर त्याच दिवशी दुसरं मारू नका. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. उघड्यावरसुद्धा छातीत बसतो.

सामान

पाच लिटरचा हाताने हवा भरायचा प्लॅस्टिकचा फवारा, जाड प्लॅस्टिक केसांचा ब्रश, लांब दांड्याचा खराटा, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, दोन बादल्या, पाण्याचा पाईप. रबरी हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा, बुरशीसाठी एन-९५ मास्क, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पकड असलेले रबरी तळाचे बूट. तणनाशक मारलेला शेतीचा पंप वापरू नका. कितीही धुतला तरी थोडं आत राहतं आणि भिंतीलगतची झाडं जातात.

तारेचा ब्रश घरीच ठेवा. त्याच्या तारांचे बारीक कण प्लास्टरमध्ये अडकतात आणि दोन पावसांत तांबडे ठिपके उठतात.

द्रावण किती लागेल? गुळगुळीत प्लास्टरला १ लिटर साधारण ४ ते ५ चौरस मीटर पुरतं. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला दोन-सव्वादोन लिटर धरा. उघडा जांभा याच्या दीडपट-दुप्पट पितो.

काम, पायरी पायरीने

कोपऱ्यातल्या एक फूट चौकोनावर आधी करून बघा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. जुन्या गडद डिस्टेंपरचा रंग क्लोरीनने उडू शकतो, ते अख्ख्या भिंतीवर कळण्यापेक्षा कोपऱ्यात कळलेला बरा.

सकाळी लवकर सुरू करा, भिंतीवर थेट ऊन येण्याआधी. उन्हात द्रावण पाच मिनिटांत वाळतं, आणि वाळल्यावर ते निकामी. बाहेरचे दिवे, पंपाचं बटण, बेल यांचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करा. खिडक्या लावून घ्या. तुळशी वृंदावन, जास्वंद, कुंड्या यांना आधी भरपूर साधं पाणी द्या. भिजलेली माती आणि भिजलेली पानं औषध कमी ओढतात. हलवता येतील त्या कुंड्या हलवा, बाकीच्यांवर प्लॅस्टिक टाका. विहीर किंवा माशांचं तळं उताराच्या बाजूला असेल तर मातीचा बांध घालून पाणी दुसरीकडे वळवा. क्लोरीन आणि बीकेसी दोन्ही माशांना घातक.

जाड मॉस असेल तर ते आधी पाण्याने भिजवून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलून काढा आणि गोणपाटात गोळा करा. कोरडं खरवडलं की त्यातली बुरशी नाकातोंडात जाते. बुरशीच्या ठिपक्यांनाही हाच नियम: आधी ओलं, मग हात.

आता फवारणी. खालून वर जा. वरून सुरू केलं तर खाली ओघळलेलं द्रावण कोरड्या भिंतीवर पट्टे पाडतं, आणि ते पट्टे सफाईनंतरही दिसत राहतात. नोझल फूट-दीड फूट लांब धरून भिंत सारखी ओली होईल इतपतच मारा. क्लोरीन असेल तर दहा ते पंधरा मिनिटं थांबा, मध्ये वाळतंय असं वाटलं तर पुन्हा हलका फवारा द्या. याच वेळात भिंतीकडे नीट बघा. हिरवा रंग हळूहळू लिंबासारखा होत जातो, काळ्या थराच्या कडा आधी तपकिरी पडतात आणि मध्यभाग शेवटपर्यंत काळा राहतो. तो मधला भाग अजून गडद असताना घासायला सुरुवात करू नका. दुसरा फवारा द्या, आणखी दहा मिनिटं.

मग ब्रशने घासा, जोर न लावता. मेलेलं शेवाळ सहज सुटतं. जोर लावावा लागतोय म्हणजे अजून मेलेलं नाही. धुताना मात्र वरून खाली. खाली येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा, नंतर आणखी दोन मिनिटं. खिडकीचे गज, बिजागऱ्या, कडी-कोयंडे यांवर क्लोरीन राहिलं तर आठवड्यात गंजतात, तिथे खास पाणी मारा. शेवटी झाडांना पुन्हा एकदा साधं पाणी.

बीकेसी वापरत असाल तर भिंत कोरडी हवी आणि पुढचा निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस पाऊस नको. फवारा आणि सोडून द्या. आठ दिवसांनी ब्रश फिरवा. दगडफुलाला महिना-दोन महिने लागतात. ते कडेने उचललं जाऊन खपल्यांसारखं गळायला लागतं, मग पट्टीने निघतं. घाईने ओढलं तर जांभ्याचा वरचा पापुद्राही बरोबर येतो.

डोळ्यात थेंब गेला तर चोळू नका. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवा आणि डॉक्टरकडे जा. शिडीवर असाल तर डोक्याच्या वर फवारू नका, लांब दांडा जोडा. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश लांब, म्हणजे बारा फुटांवर शिडी टेकवली तर तीन फूट. ओल्या शेवाळावर शिडी उभी करू नका, आधी जमीन साफ करा. दुसऱ्या मजल्याच्या वर परांची बांधणाऱ्यांनाच बोलवा.

प्रेशर वॉशर

घरगुती मशीन १०० ते १३० बार दाब टाकतं. पेव्हर ब्लॉक आणि चांगल्या काँक्रीटला चालतं. उघड्या जांभ्याला आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याला नाही. जांभ्याची वरची, हवेने कडक झालेली कातडी त्याने उडते, आत मऊ पिवळा भाग उघडा पडतो आणि चिऱ्याला खळगे पडतात. वापरायचंच असेल तर पंख्यासारखा पसरणारा रुंद फवारा, निदान दोन फुटांचं अंतर, आणि तेही औषधाने शेवाळ मारल्यानंतर. खिडकीच्या चौकटींवर आणि सांध्यांवर थेट मारलं तर पाणी घरात येतं.

छप्पर

मंगलोरी कौलांची सफाई शाकारणीबरोबरच करा. कौलं उतरवलेलीच असतात. प्लॅस्टिकच्या पिंपात बीकेसीचं द्रावण करून प्रत्येक कौल दहा-पंधरा मिनिटं बुडवा, बाहेर काढून रचून ठेवा, आठवड्याने घासा आणि दोन दिवस उन्हात वाळवून चढवा. कौलाच्या खाचेत बोट फिरवून बघा. तिथे मॉस राहिलं तर पाणी अडून मागे चढतं आणि वाशांवर-रिपांवर ठिबकतं. लाकूड कुजायची सुरुवात तिथूनच होते. आढ्याच्या कोन्यांखाली तांब्याची दोन-तीन इंची पट्टी बसवली तर पावसाबरोबर तांब्याचा अंश खाली उतरत राहतो आणि त्याखालच्या कौलांवर शेवाळ कमी धरतं. छपराचं पाणी पिण्यासाठी साठवत असाल तर मात्र पट्टी लावू नका, औषधही मारू नका.

जुने सिमेंटचे पत्रे घासू नका, खरवडू नका, प्रेशर वॉशर तर नाहीच. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याचे तंतू फुप्फुसात जातात. आणि शेवाळलेल्या पत्र्यावर पाय देणारा पत्रा फुटून खाली येतो. लांबून औषध फवारा आणि उरलेलं पावसाला करू द्या, किंवा पत्रेच बदला.

रंग लावण्याआधी

ओल्या भिंतीवर लावलेला रंग पोपड्यांनी निघतो. वाळली का ते पाहायची साधी रीत: दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब जमले असतील किंवा भिंत गडद दिसली तर आणखी आठ दिवस थांबा. उत्तरेच्या भिंतीला हे दोन-तीनदा करावं लागतं.

भेगा बाहेरच्या कामाच्या भेग-भरणीने भरा, आतल्या पांढऱ्या पुट्टीने नाही. मग प्रायमर, आणि शेवाळरोधक लिहिलेला बाहेरचा इमल्शन, दोन हात. त्यातलं औषध हळूहळू झिरपून संपतं, म्हणून रंग नवा असला तरी पागोळीखाली डाग आधी येणारच.

उघड्या जांभ्यावर चकचकीत व्हार्निशसारखं कोटिंग देऊ नका. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, कोटिंग पांढरं पडून सुटतं आणि त्याच्या मागे शेवाळ वाढतं. सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं पाणी-रोधक द्रव घ्या. ते थर धरत नाही, छिद्रांच्या आतल्या बाजूंना बसतं आणि वाफ बाहेर जाऊ देतं. पूर्ण वाळलेल्या दगडावर खालून वर, ओल्यावर ओला असे दोन हात. बरोबर लागलं असेल तर अळवाच्या पानावर पाणी घरंगळतं तसं भिंतीवरून घरंगळतं. ज्या वर्षी पाणी घरंगळायचं थांबून दगडात मुरायला लागेल, त्या हिवाळ्यात पुन्हा एक हात.

गडग्याला चुना पुरेसा आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर शेवाळ धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो मवाळ झाला की धरायला लागतं, म्हणून दरवर्षी एक हात द्यायचा.

उरलेलं पातळ केलेलं क्लोरीन साठवू नका, ते टिकत नाही. पायऱ्यांवर किंवा फरशीच्या सांध्यांत ओतून संपवा. फवारा तीनदा साध्या पाण्याने भरून रिकामा करा, नाहीतर आतल्या रबरी चकत्या फुगून पुढच्या वेळी हवा धरणार नाही. आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन घराभोवती फिरा. जिथे पाणी भिंतीला लागून उतरताना दिसेल तिथला फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरमध्ये गवंड्याला दाखवायला तेवढं पुरतं: इथे नळी सहा इंच पुढे ओढायची, इथे छज्जाखाली खाच मारायची.